धाकट्या डब्याची झोप

५ मार्च

चिरंजीव ढगूबाईला आजीचे ओंजळ भरून आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. आत दीड पान पत्र आणि ते नखाएवढं कार्ड. आजीला दीड पान आणि ढगांच्या फोटोंना अख्खं कार्ड, असा तुझा न्याय. असू दे बाई. ढगांचीच नोकरी करतेस, बेटावर बसून दिवसभर वर बघायचं आणि खाली लिहायचं, तेव्हा त्यांचा मान आधी.

कार्ड तू शिकवलंस तसं थोरल्या डब्याच्या फटीत सरकवलं आणि बटण दाबलं. एरवी हिरवा दिवा लुकलुकतो आणि मग टुंग वाजतं. या खेपेला लाल दिवा लागला आणि डबा तीनदा असा केकाटला की माझ्या हातातली कात्री खाली पडली. पायावर नाही पडली, माझं नशीब. वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले धावत आले. त्यांचं धावणं तुला माहीत आहे, माझा चहा निवल्यावर पोचले. जन्मभर लोकांची घड्याळं लावली, पण स्वतः कधी वेळेवर आले नाहीत. त्यांनी दुरुस्तीचं भिंग डोळ्याला लावलं, लॅपटॉपला नाक टेकवलं आणि वाचलं, "सिस्टिम डिस्क भरली आहे. नवीन काही ठेवता येणार नाही." त्याच्या खालची ओळ काय होती? "साठवणुकीची जागा, चौऱ्याण्णव टक्के रिकामी."

आता तूच सांग. कपाट रिकामं आणि दार म्हणतं जागा नाही, ही कुठली तऱ्हा?

जाताना तू म्हणालीस, आजी, घरातल्या सगळ्यांचे फोटो, कागद, माझे ढग, सगळं या थोरल्या डब्यात राहील, आणि त्याची नक्कल शेजारच्या धाकट्या डब्यात. थोरला बुटाच्या खोक्याएवढा आणि धाकटा साबणाच्या वडीएवढा. दोघांना माझ्या कापायच्या टेबलावरच्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांशेजारी बसवून तू निघून गेलीस. मी त्यांना फुलासारखं जपलंय हो. रोज फडकं मारते.

आणि माझे कपडे बेतायचे नमुनेही आता त्यातच ना. चारशे बारा कागद, सत्तेचाळीस वर्षांत कापलेले. कसर लागली होती, उचलले की पिठासारखे झडायचे. म्हणून जानेवारीत मी आणि घड्याळवाल्यांनी एकेक पसरून फोटो काढले. कागद उडू नये म्हणून ते कोपऱ्यांवर भिंतीवरच्या घड्याळांचे लंबक ठेवायचे. मग कागद रद्दीत गेले. रडले नाही मी. धुळीनं शिंका आल्या.

तर काय करायचं ते लवकर कळव. तुझी बढतीची परीक्षा या ढगांवर आहे म्हणतेस, आणि या कार्डाच्या कडेला खाऱ्या हवेनं हिरवा डाग पडलाय. मी ते बटणांच्या डबीत कापसात ठेवलंय, पण डाग काही कापसाला घाबरत नाही.

एक बातमी आहे. पण सांगणार नाही. पोटात किती दिवस राहते ते बघते.

तुझी,
सुईत दोरा ओवायला अजून चष्मा न लागणारी आजी
(लागतो. पण घड्याळवाल्यांना कळू देऊ नकोस.)


१५ मार्च

आजीस खाऱ्या हातांनी नमस्कार.

बातमी तुझ्या पोटात? पैज लाव, पुढच्या पत्रात बाहेर येते. आणि घड्याळवाले अख्खा जानेवारी लंबक काढून खाली आणत होते, तर वरच्या घड्याळांचं काय? बंद पडली की त्यांना बरंच झालं, आता उशीर झाला हे कुणालाच कळणार नाही?

बरं, डबा. इथला फोन फक्त मुख्य कार्यालयाला लागतो आणि बोट दहा दिवसांनी येते, त्यामुळे मी इथून तुला डबा शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पण हाकते.

थोरल्याच्या पोटात दोन जागा आहेत. एक प्रशस्त. तिथं फोटो, ढग आणि तुझे नमुने. ती रिकामीच आहे. दुसरी चिमुकली. तिथं त्याचा स्वतःचा संसार, म्हणजे चालायचं कसं, बोलायचं कसं, दिवसभरात काय झालं याचं टिपण. हीच सिस्टिम डिस्क. तुझं मशीन डोळ्यांपुढं आण. कपाटात कापडाचे दहा तागे असोत नाहीतर एकही नसो, बॉबिनच्या डबीत दोऱ्याचा गुंता झाला की मशीन अडलंच.

लॅपटॉपवर डब्याचं पान उघड. डावीकडं 'देखभाल' आहे. तिथली 'जुन्या नोंदी पुसा' आणि 'जुनी अपडेट पुसा' ही दोन बटणं दाब. तरी दिवा लाल राहिला, तर सिस्टिम डिस्कमध्ये सगळ्यांत जाड फोल्डर कोणतं आहे ते मला कळव. जुनं साठलेलं काढलं की जागा होते, एवढं साधं सूत्र आहे, घाबरू नकोस.

इथं चार दिवस एकच ढग आहे. मी त्याला घड्याळवाले म्हणते. हलतच नाही.

तुझी ढगू


२४ मार्च

ढगूबाईला आशीर्वाद, आणि उंटाला गवत.

शेळी हाकली गं बाई तू. तुझी दोन्ही बटणं दाबली. दाबण्याआधी आत काय आहे ते बघितलं, नुसते आकडे आणि तारखा. तुला वाटेल आजी उगाच वेळ काढते. पण माझ्या शिंपी मास्तरांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. दुसरीनंतर शाळा सुटली आणि तिसरीच्या वयात मी त्यांच्या दुकानात पाय ठेवला, तेव्हा ते म्हणाले, पोरी, कपडा उसवायला घ्यायच्या आधी खिसे तपासायचे. गिऱ्हाईक म्हणेल खिसा रिकामा आहे, तरी तपासायचे. एकदा एका बँकेतल्या साहेबांच्या कोटात कवळी सापडली होती. साहेब आठ दिवस तोंडाला रुमाल लावून कचेरीत जात होते आणि घरात सगळ्यांवर चोरीचा आळ. मी कवळी पुडीत बांधून दिली तेव्हा त्यांना धड आभारही मानता येईनात, आधी ती बसवावी लागली.

तर दिवा पिवळा झाला. अर्धा दिवस पिवळा होता, तेवढ्यात तुझ्या कार्डातले अकरा ढग आत गेले. मग पुन्हा लाल.

सगळ्यांत जाड फोल्डरचं नाव आहे 'धाकटा'. धाकट्याचं सामान थोरल्याच्या पोटात कसं, ते तुझं तूच बघ.

पण तुझं सूत्र मला पटलं, जुनं साठलेलं काढलं की जागा होते. या घरात सगळ्यांत जुनं काय साठलंय ते मला नाही तर कुणाला ठाऊक? माझंच एक गाठोडं होतं, ते काल काढून टाकलं. पानानं विचारलं, "नक्की?" म्हटलं, नक्की. परत विचारलं, "खरंच नक्की?" अगं, लग्नाच्या वेळी मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. काय होतं ते विचारू नकोस, फुटकळच. पण त्यानं एक तसूभर फरक पडला नाही. दिवा आपला लालचा लाल. घड्याळवाले म्हणाले, ताई, घाई केलीत. त्यांच्या तोंडी घाई हा शब्द म्हणजे काय म्हणावं!

डब्यांची हेळसांड होते असं मात्र म्हणू नकोस. थोरल्याला बंद करायचं नाही म्हणालीस, म्हणून तो बिचारा जागा असतो. धाकट्याबद्दल काही बोलली नव्हतीस. त्याला मी हल्ली रोज, इस्त्री थंड झाली, टेबल आवरलं, की बटण बंद करून झोपवते. दिवसभर गरम असतो गं, हात लावला तर ताप आल्यासारखा. सकाळी माझ्या चहाबरोबर त्याला उठवते. एक दिवस चुकलेली नाही.

बातमी अजून पोटातच आहे. पैज हरलीस.

तुझी आजी


३ एप्रिल

आजी!

धाकट्याला झोपवतेस?

मी हे वाचलं आणि इतकी हसले की स्वयंपाकी बघायला आला. मग हसणं थांबलं. बोट भोंगा वाजवतेय, दहा मिनिटं आहेत, नीट वाच.

थोरला पहाटे दोनला त्या दिवशी नवं आलेलं सगळं उचलतो आणि धाकट्याकडं नक्कल द्यायला जातो. धाकटा झोपलेला. मग थोरला काय करतो, ते सामान दारातच ठेवून येतो. आणि ते दार म्हणजे त्याचीच चिमुकली जागा, तिथलं 'धाकटा' नावाचं फोल्डर. रोज दारात एक बोचकं. म्हणून बॉबिन अडकली. चूक माझी, मी सांगायला हवं होतं.

आता महत्त्वाचं. गाठोडं म्हणजे कोणतं गाठोडं? नमुने नाहीत ना? आजी, ते मोठ्या जागेत होते. ते गेल्यानं चिमुकल्या जागेत सुईएवढी भर पडत नाही. ताग्यांचं आणि बॉबिनचं मी सांगितलं होतं ते यासाठी. पण ते अजून आहेत. पुसलेलं तीस दिवस 'कचरापेटी'त राहतं, तिथून परत आणता येतं. तू तेवीस मार्चला काढलंस, म्हणजे बावीस एप्रिलला पेटी आपोआप रिकामी होईल. त्याआधी पेटी उघड, गाठोड्यावर बोट ठेव, 'परत आण' म्हण.

मग 'धाकटा' फोल्डर पुसून टाक, सगळंच्या सगळं. आत बघत बसू नकोस. हल्लीच्या नकला आहेत, माझ्याच ढगांच्या, असली मोठ्या जागेत सुखरूप आहेत. निव्वळ कचरा.

आणि धाकट्याला जागं ठेव!

ढगू

(पाकिटाच्या मागं)
४ एप्रिल. बोट भोंगा वाजवून तशीच परत गेली. समुद्र खवळलाय.
१० एप्रिल. बोट नाही.
१५ एप्रिल. साहेबांना फोनवर म्हटलं, हवामानाच्या अहवालात एक ओळ घाला, 'आजी, कचरापेटी सांभाळ'. साहेब म्हणाले, हे हवामान नव्हे. म्हटलं, आमच्या घरचं आहे. त्यांनी फोन ठेवला.
१६ एप्रिल. बोट दिसतेय.


२४ एप्रिल

ढगूबाईला आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोस्टमन म्हणाला, पाकिटावर पत्रापेक्षा जास्त लिहिलंय. मी उभ्या उभ्या वाचलं. घड्याळवाल्यांना हाक मारली, आणि तुला खरं नाही वाटणार, ते एका हाकेत आले. पेटी उघडली.

रिकामी गं. परवाच झाली.

आता लपवून काय करू. हो, नमुनेच होते ते. चारशे बाराच्या चारशे बारा.

आणि आता बातमीही सांगते, कारण ती आता बातमी राहिलीच नाही. फेब्रुवारीत दोन गल्ल्या पलीकडच्या शिवणशाळेच्या मोठ्या बाई कोटाची बाही आखूड करून घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना लॅपटॉपवर नमुने दाखवले, सहज, आपली मिरवायची खोड. त्या बाही विसरल्या आणि तासभर बघत बसल्या. म्हणाल्या, एक खांदा उतरता असलेल्या माणसाचा कोट, पाठीला बाक आलेल्या बाईचा झगा, एक हात आखूड असलेल्या पोराचा गणवेश, हे आमच्या पुस्तकात नाही. दहा जूनपासून येऊन कापणं शिकवाल का? हे नमुने घेऊनच या. बावीस मुली आहेत.

बावीस मुली मला 'बाई' म्हणणार होत्या, ढगू. दुसरी पास बाईला! त्या गेल्यावर मी आरशासमोर उभी राहून स्वतःलाच एकदा "बाई" म्हणून बघितलं. बरं वाटलं. तुला पहिल्या पगाराचा कागद दाखवून मगच सांगायचं ठरवलं होतं.

मग का काढले म्हणशील. कार्डावरचा हिरवा डाग रोज रेघभर वाढत होता. तुझे ढग आत जायला जागा हवी होती, आणि मला वाटलं, माझ्याच सामानानं दार अडवलंय. तुझं सगळं पुढं आहे. माझं काय, नाही शिकवलं तर कुणाचं घोडं अडतंय?

तुझी चूक नाही. तू ताग्यांचं सांगितलं होतंस, ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नमुने डोक्यात आहेत असं मी सगळ्यांना सांगत आले. आत्ता खडू घेऊन टेबलापाशी उभी राहिले. सदतीस नंबर काढायला घेतला, तोच उतरत्या खांद्याचा कोट. गळा आला, खांदा आला, बाहीच्या मुंढ्यापर्यंत आला, आणि हात थांबला. पुढं किती तिरका घ्यायचा तेच आठवेना. घड्याळवाले उठले आणि भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली. सकाळीच दिली होती त्यांनी.

मोठ्या बाईंना उद्या नाही म्हणून कळवते. तुझं दुसरं काम तेवढं राहिलंय, तो कचरा पुसायचा. तेही उद्याच. आज डोळ्यांत इस्त्रीची वाफ गेलीय.


२५ एप्रिल, त्याच पाकिटात

ढगे! ए ढगे! बसली आहेस ना? उभी असशील तर बस.

सकाळी धाकट्याला उठवलं, चहा घेतला आणि म्हटलं, एवढं काम करून टाकू, निदान पोरीचे ढग तरी आत जातील. 'धाकटा' फोल्डरवर बोट ठेवलं. पान म्हणालं, "नक्की?" तुझं पत्र समोरच होतं, 'आत बघत बसू नकोस, निव्वळ कचरा'. आणि माझं बोट खाली जाईना.

तू हवामानवाली असशील, मी शिवणारी आहे. गिऱ्हाईक म्हणतं खिसा रिकामा आहे, तेव्हा तर आधी तपासायचा.

उघडलं. पहिल्याच फोटोत काय असावं? कोपऱ्यात पितळी लंबक! लंबकाखाली कागद आणि कागदावर माझ्या अक्षरात 'नंबर १, मास्तरांचा सदरा'. मी अशी किंचाळले की घड्याळवाल्यांना वाटलं डबा परत केकाटला.

चारशे बारा. मी मोजले. मग त्यांनी मोजले, त्यांचे चारशे अकरा झाले. मग जे काही आमचं वाजलं ते वाजलं, शेवटी बोटं धरून दोघांनी मिळून मोजले, चारशे बारा. सदतीस नंबरही आहे. मुंढ्यापुढं पाऊण इंच तिरका. पाऊण! मी रात्री विचार करकरून अर्ध्यावर आले होते.

अगं, तुला माझं 'हल्ली' कळलंच नाही. मी धाकट्याला तू गेलीस त्या दिवसापासून झोपवते. जानेवारीतले सगळे नमुने थोरल्यानं एकेक करून दारात ठेवले होते. मी त्यांना कचरापेटीत शोधलं, डोक्यात शोधलं, आणि होते कुठं, तर दारातच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

तर शहाणे, आता कळव. पुसू का? आत न बघता?

मोठ्या बाईंना कळवायची चिठ्ठी फाडून टाकली. मागची कोरी बाजू चांगली होती, तेवढी ठेवलीय.

तुझी (दहा जूनपासून बाई होणारी) आजी


५ मे

बाईंना विद्यार्थिनीचा वाकून नमस्कार.

पत्राचा पहिला भाग वाचून मी किनाऱ्यावर जाऊन बसले. दुसरा भाग पाकिटातच राहिला होता, तो स्वयंपाक्यानं आणून दिला. तो म्हणतो, एवढ्या तासाभरात कुणाला रडताना आणि नाचताना त्यानं कधी बघितलं नव्हतं. वर ढग कोणते होते ते मी त्या दिवशी लिहिलंच नाही. वहीत पान कोरं आहे. साहेबांनी फोनवर विचारलं, त्या दिवसाची नोंद कुठं? म्हटलं, आमच्या घरचं हवामान.

बोटीची वाट बघत माझं आधीचं पाकीट बारा दिवस माझ्या उशाशी पडून होतं, आजी. बारा दिवसांत मला एकदाही सुचलं नाही की दारातल्या बोचक्यात तुझे नमुने असतील. उलट मी तुला लिहिलं, बघू नकोस. तू ऐकलं असतंस तर मीच ते कायमचे घालवले असते. इथून पुढं माझी एकही गोष्ट न तपासता ऐकू नकोस.

आणि दुसरं. ढग रोज येतात. आजही आले, उद्याही येतील, नाही आले तर मी 'नाही आले' असं लिहीन. तुझे नमुने पुन्हा येणार नव्हते. माझ्यासाठी स्वतःचं काही काढून टाकायचं असेल तर आधी मला एक पत्र टाकायचं, आणि उत्तर येईपर्यंत हात पाठीमागं बांधून बसायचं. तुझ्यासारख्या बाईला ते जमणार नाही हे ठाऊक आहे. घड्याळवाल्यांना बांधायला सांग. ते गाठ मारेपर्यंत बोट आलेली असेल.

आता नीट ऐक, पुसायचं शेवटी. आधी 'जुन्या नोंदी पुसा' पुन्हा दाब, दिवा थोडा वेळ पिवळा होईल. तेवढ्यात 'धाकटा' फोल्डर उघडून सगळं निवड आणि मोठ्या जागेत, 'आजीचे नमुने' असं नवं फोल्डर करून त्यात नक्कल कर. मग तिथं जाऊन मोज. तू मोज, त्यांनी मोजू नये. चारशे बारा भरले की उरलेले ढग बघून घे आणि मगच 'धाकटा' रिकामा कर. दिवा हिरवा होईल. त्या दिवसापासून धाकट्याची झोप बंद. तो माणूस नाही आजी, त्याला ताप येत नाही, तो तसाच असतो.

मला एक कोट हवाय. इथं वारा बाही शोधून आत शिरतो. माझा नमुना तुझ्याकडं आहेच, किती नंबर ते मला माहीत नाही.

तुझी ढगू


१२ जून

ढगूबाईला बाईंचे आशीर्वाद.

दिवा हिरवा आहे. पंधरा मेला झाला तो अजून हिरवा. चारशे बारा मोठ्या जागेत आहेत, मी दोनदा मोजले. घड्याळवाल्यांना मोजू दिलं नाही तर रुसले, म्हणून त्यांना ढग मोजायला दिले. ते अजून मोजताहेत. तुझं हिरव्या डागाचं कार्डही आत गेलं, सगळं, टुंग वाजलं. एका ढगाच्या मधोमध हिरवी रेघ आली आहे, ती मी नाही काढली.

धाकट्याला आता जागं ठेवते. पहिले चार दिवस जीव कासावीस झाला. अंगावर हात ठेवून बघायचे, गरम लागायचा, बोट बटणापर्यंत जायचं आणि परत यायचं. मग एक तोड काढली. दुपारी जेवून मी घटकाभर आडवी होते, तेव्हा त्यालाही बंद करते. पहाटे दोनला जागा असला म्हणजे झालं ना? तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक आहे, कारण पत्र पोचेपर्यंत सवय पक्की झालेली असेल.

परवा शाळेत गेले. लांब खोली, दोन ओळींत मशिनं, खिडकीत वाळत घातलेलं अस्तर. बावीस नाही, चोवीस मुली निघाल्या. दोघी नुसत्या बघायला आल्या होत्या, त्यांनाही बसवलं. मोठ्या बाईंनी भिंतीवर सदतीस नंबरचा फोटो मोठा करून लावला. कोपऱ्यातला लंबकही मोठा झाला, केवढा! एक मुलगी म्हणाली, "बाई, हे घड्याळ कशाला?" बाई! मी क्षणभर मागं वळून बघितलं, कुणाला म्हणते म्हणून.

कात्री कुणाच्या हातात दिली नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकेक जुना कपडा दिला आणि म्हटलं, खिसे तपासा. हसल्या सगळ्या. एकीनं तर तोंडावर सांगितलं, बाई, हे रिकामेच आहेत, तुम्हीच धुऊन आणलेत. म्हटलं, तपास. तिच्या खिशात मी दोन बटणं ठेवली होती. दुसरीच्या खिशात सेफ्टी पिन, तिसरीच्या खिशात घड्याळवाल्यांची हरवलेली चावी, ती मात्र मी ठेवली नव्हती, तीही सापडली. मग कुणी हसलं नाही. शेवटच्या बाकावरचीनं तर अस्तरही उलटून बघितलं. ती शिकणार.

मग त्यांना तुझी गोष्ट सांगितली. नाव नाही घेतलं, म्हटलं, एक मुलगी होती, फार शिकलेली.

तुझा कोट या पत्राबरोबर निघतोय. तुझा नंबर चारशे नऊ. उंची तीच धरली आहे, बाह्यांना आत पट्टी घातली आहे, वाऱ्याला शोधू दे आता. चार खिसे आहेत, दोन बाहेर, एक आत, आणि एक असा की सहज सापडणार नाही.

त्यातल्या एकात तुझ्यासाठी काहीतरी आहे. कोणत्या खिशात आणि काय, ते सांगणार नाही. तू म्हणशील, आजी, चारही रिकामे आहेत.

तपास.

आजी